दोन ठोके म्हणजे थांबा

५ जून

प्रिय टिचके,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे जिवंत आहेत. फोनच करणार होतो, पण हल्ली फोनवर माणसं गुळण्या करत असल्यासारखी बोलतात. मागच्या वेळी तू पंधरा मिनिटं काहीतरी सांगत होतीस आणि मी 'वा, छान' म्हणत होतो. नंतर तुझ्या वहिनीने सांगितलं की तू मैत्रीण गेल्याचं सांगत होतीस. तेव्हा म्हटलं, पत्र बरं. कागद पुटपुटत नाही.

वहिनीचीही तीच तऱ्हा. लग्न झालं तेव्हा तिचा आवाज दोन गल्ल्या पलीकडे जायचा, आता तोंडातल्या तोंडात बोलते आणि वर माझ्यावरच डाफरते. शिट्टीची म्हणून नवी किटली आणली, ती बिनशिट्टीची निघाली. बूड जळल्याचा वास आला तेव्हा कळलं. परत करायला गेलो तर दुकानदार माझ्याकडेच टकामका बघत राहिला.

आता कामाचं. ड्रम वाजवणारी एक बाई आली होती. तिला मोठी झांज हवी आहे, बावीस इंची, हाताने घडवलेली. आवाज कसा हवा विचारलं तर म्हणाली, "तपकिरी." म्हटलं, बाई, हे झांजांचं दुकान आहे, साड्यांचं नाही. पण बाबा असते तर हसले नसते. ते म्हणाले असते, बस, चहा घे, किती तपकिरी ते सांग.

तिच्यासाठी मी आधी एक अठरा इंची नमुन्याची झांज केली आहे. कासं ओतण्यापासून लेथवर कातून पातळ करण्यापर्यंत सगळं माझ्या हाताने. ती घोंगडीत गुंडाळून तुझ्याकडे पाठवतो आहे. टांगून वाजव आणि मला पूर्वीसारखा ठोका दे. आठवतं ना? मी लेथवर, बाबा माझ्या मागे आणि तू भिंतीपलीकडे स्वयंपाकघरात. करणाऱ्याचं तोंड दिसलं की कान खोटं बोलतात म्हणून बाबा तुला पलीकडे बसवायचे. मी वाजवायचो आणि तू भिंतीवर हात आपटायचीस. एक ठोका म्हणजे अजून काता. दोन म्हणजे थांबा. घरातल्या पेल्यापासून देवळाच्या घंटेपर्यंत प्रत्येक वस्तूला टिचकी मारून बघणारी पोर, उगीच का तुझं नाव टिचकी पडलं!

खरं सांगू, गेली तीसेक वर्षं मी तुला कधी विचारलं नाही. गरज पडली नाही असं म्हणायचो. या वेळी विचारावंसं वाटलं. घाई कर.

तुझा,
दादा

—

२० जून

दादा,

झांज सुखरूप पोचली. घोंगडीला अजून भट्टीचा वास आहे. मी ती खिडकीच्या गजाला टांगली आणि लगेच वाजवली नाही, दोन दिवस तशीच राहू दिली. प्रवासाने शिणलेल्या धातूला लगेच बोलायला लावू नये, हेही बाबांचंच.

काल वाजवली. छान आहे, दादा. हात तुझाच आहे, मधल्या वाटीपासून कडेपर्यंत कातल्याच्या रेघा इतक्या सारख्या आहेत की बोट फिरवत बसावंसं वाटतं. बाबांनी मान डोलावली असती. त्या बाईलाही आवडेल. ठोकेबिके आता काय विचारतोस, पंचावन्नची झाले, भिंती बडवायचं वय राहिलं का माझं?

माझं नेहमीचंच. दवाखान्यात दिवसभर लोकांच्या कानांची तपासणी. काचेच्या खोलीत माणूस बसवायचा, त्याच्या कानांवर हेडफोन चढवायचे आणि बारीक बारीक सूर सोडायचे. ऐकू आला की त्याने बटण दाबायचं. नवीन मशीन आलं आहे. तू कधी इकडे आलास तर तुलाही बसवीन, गंमत म्हणून. सगळ्यांनीच एकदा करून घ्यावी अशी ती तपासणी असते.

बाकी, तू मला 'पूर्वीसारखं' म्हणालास ते वाचून हसू आलं. पूर्वीही मी भिंतीपलीकडेच होते. अलीकडे ये असं कोणी म्हटलं नाही. असो, जुन्या गोष्टी.

वहिनीला नमस्कार सांग. आणि तिच्यावर ओरडू नकोस.

टिचकी

—

१ जुलै

प्रिय टिचके,

तुझं पत्र मी वहिनीला दोनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा वाचायला लागलो तर ती बॅग भरून बहिणीकडे गेली. (थट्टा करतो आहे. बहिणीचं गुडघ्याचं ऑपरेशन आहे, आठ-दहा दिवस तिकडेच राहील.)

'बाबांनी मान डोलावली असती.' तू हे लिहिलंस, दुसऱ्या कोणी लिहिलं असतं तर मी तोंडपुजेपणा समजलो असतो. गेल्या वर्षभरात दोघांनी झांजा परत आणून दिल्या. एक म्हणाला फार सळसळ करते, दुसराही तेच म्हणाला. मला तर उलट सळसळच कमी वाटत होती, म्हणून मी अजून पातळ कातत गेलो. मनात पाल चुकचुकत होती. आता तुझं पत्र आलं, चिंता मिटली. त्या दोघांनाच काही कळत नव्हतं म्हणायचं.

आता एक गोष्ट सांगतो, जी आधी मुद्दाम सांगितली नाही. बाबांनी शेवटच्या आजारपणात झांजेची एक थाळी घडवली होती. बावीस इंची. कासं त्यांनीच ओतलं, हातोडाही त्यांनीच चालवला, बसून बसून, महिनाभर. कातायचं तेवढं राहिलं, लेथवर उभं राहण्याची ताकद नव्हती. ती मी सत्तावीस वर्षं कारखान्यात खिळ्याला टांगून ठेवली आहे. काळीकुट्ट, ठोक्यांनी भरलेली. बाबा मला म्हणाले होते, "टिचकीला ऐकवल्याशिवाय हिला लेथवर चढवू नकोस." तू तेव्हा घरी येत नव्हतीस. नंतर राहूनच गेलं.

त्या बाईने ती बघितली आणि हीच हवी म्हणाली. एवढी जड थाळी तुझ्याकडे पाठवणं धोक्याचं, म्हणून मी तोच आवाज धरून नमुना केला आणि तो पाठवला. नमुना तुला पसंत, म्हणजे बाबांचा शब्द राहिला. पुढच्या सोमवारी, नऊ तारखेला, थाळी लेथवर घेतो. नमुन्याइतकीच पातळ करीन, केसभर इकडे नाही की तिकडे नाही.

माझे हात आत्ताच शिवशिवत आहेत. इतक्या वर्षांत एवढा आनंद झाला नव्हता.

दादा

—

७ जुलै, शनिवार
(जलद टपालाने)

दादा,

थाळीला हात लावू नकोस. दोन ठोके. दोन, दोन, दोन.

तुझं पत्र आज सकाळी मिळालं. तेव्हापासून फोन करते आहे, कोणी उचलत नाही. उद्याही करत राहीन. हे पत्र सोमवारच्या आत पोचलं तर लेथचा पट्टाच काढून ठेव. बाकीचं नंतर लिहिते.

टिचकी

—

१२ जुलै

टिचके,

तुझं पत्र मंगळवारी आलं. मला सोमवारपर्यंत दम निघाला नाही, रविवारी सकाळीच थाळी चढवली. तेव्हा बैल गेला आणि झोपा केला, असं झालं.

बाई बुधवारी आली. झांज स्टँडवर लावली, काठीने वाजवायला लागली. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. दोन मिनिटं वाजवली, मग हाताने कड धरून थांबवली आणि काठ्या मांडीवर ठेवल्या. फार भली बाई. म्हणाली, "काका, काठीचा ठोका कुठे जातो तेच कळत नाही. नुसता वारा सुटतो." मग म्हणाली, "पहिल्यांदा आले तेव्हा ही खिळ्यावर होती आणि मी हिला नखाने टिचकी मारली होती. तो आवाज मला हवा होता." चहाही न घेता गेली.

मी नंतर तासभर ती वाजवली. मला वारा ऐकू येत नाही. मला काही वाईटच ऐकू येत नाही. मग ती तसं का म्हणाली?

आणि तू दोन ठोके आता कुठून काढलेस? वीस जूनला 'छान आहे' आणि सात जुलैला 'हात लावू नकोस', यातलं खरं कुठलं? आणि फोनचं म्हणशील तर शनिवार-रविवार मी घर सोडून कुठेही गेलो नव्हतो. फोन एकदाही वाजला नाही. निदान हे तरी खोटं सांगू नकोस.

बाबांनी लेथवर काम शिकवताना पहिल्या दिवशी सांगितलं होतं, हातोड्याची चूक हातोड्याने निस्तरता येते, पण लेथखाली पडलेला कीस परत चिकटवता येत नाही. रविवारचा कीस मी अजून झाडलेला नाही.

दादा

—

१९ जुलै

दादा,

फोन वाजला होता. शनिवारी चौदा वेळा आणि रविवारी नऊ वेळा. शेवटच्या वेळी मी तो कट होईपर्यंत वाजू दिला. तू घरातच होतास. किटलीची शिट्टी वाजते. वहिनी पुटपुटत नाही. तुझे कान गेले आहेत, दादा. सगळे नाही, वरचे बारीक सूर तेवढे गेले आहेत. चाळीस वर्षं ऐरणीशेजारी उभ्या राहिलेल्या माणसाचे तेच आधी जातात. माझ्याकडे बॉयलरवाले येतात, लोहार येतात, सगळे हेच सांगतात की लोक हल्ली नीट बोलत नाहीत.

तुझं पहिलं पत्र वाचतानाच मला शंका आली होती. झांजेला नुसती टिचकी मारली आणि खात्री पटली. सळसळ इतकी की ठोका त्यात बुडून जात होता. तुला ती सळसळ ऐकू येत नाही, म्हणून तू ती शोधत शोधत कातत जातोस. ज्या माणसाला मीठ लागत नाही तो आमटीत मीठ घालत राहतो, तसं.

आणि तरी मी 'छान आहे' लिहिलं.

का लिहिलं, याचा मी आठवडाभर विचार करते आहे. पहिलं कारण सरळ आहे. तू त्रेसष्ट वर्षांचा, तुला दुसरं काही येत नाही, तुझ्या हातून हेही काढून घ्यायला माझी जीभ रेटेना. तपासणीचं नाव काढून बघितलं, 'गंमत म्हणून' असं लिहून. दिवसाला दहा माणसांना मी तोंडावर सांगते की तुमचे कान गेले, आणि सख्ख्या भावाला सांगताना मला गंमत आठवली.

दुसरं कारण लिहायला लाज वाटते. तुझं 'तीसेक वर्षं विचारलं नाही' हे वाक्य वाचलं आणि मनात आलं, मग आता कशाला विचारतोस? तुझा कारखाना, तुझा हातोडा, तूच बघ. बाबांनी माझे कान वापरले आणि हातोडा तुला दिला. मला एका शब्दाने विचारलं नाही की तुला यायचं आहे का. त्या रागात मी शिकायला म्हणून घर सोडलं आणि बाबांशी चार वर्षं बोलले नाही. ते गेले तेव्हा मी गाडीत होते. तो राग अजून इतका ताजा असेल याची मला कल्पना नव्हती.

त्या थाळीचं मला माहीत नव्हतं, ही पळवाट आहे. तू एक साधा प्रश्न विचारला होतास. लहानपणी मी कधीही खोटा ठोका दिला नाही. आयुष्यात एकदाच दिला, आणि तो बाबांच्या थाळीवर पडला.

माफी मागायला शब्द नाहीत, म्हणून मागत नाही.

टिचकी

—

३० सप्टेंबर

टिचके,

तुझ्या पत्राला अडीच महिने उत्तर दिलं नाही. आधी रागावलो होतो. मग वहिनी आली, तिने मला खुर्चीत बसवलं आणि माझ्या पाठीमागे उभी राहून किटली ठेवली. थोड्या वेळाने तिने मला वळवलं, समोर किटलीतून वाफ निघत होती. तिने विचारलं, "वाजली का?" तिचे डोळे भरले होते. म्हणाली, दोन वर्षं झाली, तुम्हाला सांगायचा धीर होत नव्हता. म्हणजे सगळ्यांना ठाऊक, एक मी सोडून.

राग तेव्हाच गेला. त्यानंतर लिहिलं नाही त्याचं कारण वेगळं आहे. तू तुझं खोटं कबूल केलंस आणि मला माझं आठवलं. ते विसरलो होतो असं नाही. त्याच्यावर उभा होतो, म्हणून खाली बघत नव्हतो.

बाबांनी विचारलं होतं, टिचके.

तू चोवीस वर्षांची होतीस, तुझा कान तपासायच्या कोर्सचा अर्ज टेबलावर पडला होता. बाबा मला म्हणाले, "पोरीला विचार, तिला कारखान्यात यायचं आहे का. मी विचारलं तर ती भिडेखातर हो म्हणेल, तू विचार. यायचं असेल तर पहिला हातोडा तिचा. कान तिचे आहेत, तू हात हो." मी आत आलो. तू ओट्याशी उभी होतीस, डबे पुसत होतीस आणि प्रत्येक डब्याला टिचकी मारत होतीस. मी पाणी प्यायलो आणि परत गेलो. बाबांना सांगितलं, नाही म्हणते, तिला शिकायला जायचं आहे.

बाबा भट्टीत कोळसा घालत राहिले. तू बोलणं टाकलंस तेव्हा त्यांना वाटलं, पोरीला कारखान्याचा मुळातच कंटाळा होता. मला वाटलं, सांगीन कधीतरी. मग ते आजारी पडले, मग ती थाळी घडवली आणि म्हणाले टिचकीला ऐकव. तेव्हाही तुला बोलावलं असतं तर तुम्ही दोघं बोलला असता आणि माझं पितळ उघडं पडलं असतं. म्हणून बोलावलं नाही. 'राहूनच गेलं' असं मी तुला लिहिलं, तेही खोटंच.

मी भ्यालो होतो, एवढंच. तुझ्यापुढे मी फक्त हात होतो, हे मला माहीत होतं. पहिली दहा वर्षं मी बाबांच्या मापांवर काढली आणि पुढची सवयीवर.

हे लिहिलं नसतं तर तुला कधी कळलं नसतं. पण तुझं पत्र रोज खिशात घेऊन फिरणं जमेना.

दादा

—

१८ डिसेंबर

दादा,

बाबांनी विचारलं होतं. हे एक वाक्य मी अडीच महिने वाचते आहे.

मी त्यांच्या उशाशी नव्हते. तू होतास. तू त्यांना पाणी दिलंस, औषध दिलंस, आणि एक वाक्य तेवढं दिलं नाहीस. त्या वाक्याने मी पहिल्या गाडीने आले असते. तुला माफ केलं असं लिहायला तीनदा बसले, तिन्ही वेळा कागद फाडला. माझंही खोटं आहे, पण ते पंधरा दिवसांचं. दोन्ही एका तराजूत घालू नकोस, मीही घालत नाही.

तरी तपासणी करून घे. सोमवार आणि गुरुवार, दहा ते एक. भाऊ म्हणून येऊ नकोस. नाव लिहून रांगेत बस.

टिचकी

—

२४ जानेवारी

प्रिय टिचके,

सोमवारी नाव लिहून रांगेत बसलो. माझ्यापुढे अकरा जण होते. तू दारात येऊन पुढचं नाव पुकारत होतीस आणि मला एकही नाव ऐकू येत नव्हतं, शेजारच्या माणसाने कोपराने ढोसलं तेव्हा उठलो. तू 'बसा' म्हणालीस. अहोजाहो केलंस. बरोबरच होतं.

खोलीत बसवून तू माझी खुर्ची भिंतीकडे वळवलीस. तुला वाटलं असेल आता याला आपण दिसत नाही. पण समोर भिंतीवर कानाचं चित्र काचेत लावलं आहे, त्या काचेत तू दिसत होतीस. पहिले सूर खरंच ऐकू आले आणि बटण दाबलं. मग यायचे थांबले. काचेत तुझं बोट हलत होतं. दोनदा मी ते बोट बघून बटण दाबलं, ते तू कागदावर मांडलंस का माहीत नाही, मांडलं असशील तर खोड. मग म्हटलं, पुरे झालं फसवणं. हात मांडीवर ठेवून बसलो.

तू थांबली नाहीस. सूर सोडत राहिलीस. मोठा केलास, अजून मोठा केलास, चेहऱ्यावरून तसं वाटलं. मग चष्मा काढून पदराने डोळे पुसलेस आणि पुन्हा बोट ठेवलंस. बाहेर रांग उभी होती आणि तू अशा माणसासाठी सूर सोडत बसली होतीस ज्याच्यापर्यंत काही पोचत नव्हतं. मला ते बघवेना. म्हणून मी शेजारच्या भिंतीवर हात आपटला. दोनदा.

तू लगेच थांबलीस. म्हणजे ऐकू गेलं.

तपासणीचा कागद वहिनीने बघितला. यंत्र घेईन, कानात घालीन, ते सगळं होईल. बाबांची थाळी परत त्याच खिळ्यावर टांगली आहे. तिच्यावर आता कोणाचंच काही चालणार नाही, तो विषय संपला. खाली पडलेला कीस मात्र गोळा करून डब्यात भरून ठेवला आहे, पुढच्या ओतकामात घालीन. पाच थाळ्या हातोड्याने पुऱ्या झाल्या आहेत. घडवायला मला डोळे आणि मनगट पुरतं. लेथचा पट्टा मात्र काढून ठेवला आहे. स्वयंपाकघराची भिंत पाडून दार केलं तर दोन्ही खोल्या एक होतील, गवंडी येऊन बघून गेला.

तू माफ कर असं मी म्हणत नाही. तुझी नोकरी अजून तीन वर्षं आहे आणि तुझं बिऱ्हाड तिकडे आहे, हेही समजतं. पण बाबांनी मला एक काम सांगितलं होतं. मी आत आलो, पाणी प्यायलो आणि ते न करता परत गेलो. एकतीस वर्षं उशीर झाला आहे. उत्तर 'नाही' असलं तरी चालेल, या वेळी ते तुझं असेल.

टिचके, तुला कारखान्यात यायचं आहे का?

दादा